बर्फावरील गुणांचा हिशेब

शाळेच्या परीक्षेत ६ पैकी २.४ गुण म्हणजे ४० टक्के. असे प्रगतिपुस्तक घरी आले की पालकांच्या कपाळावर आठी पडतेच. परंतु अमेरिकेत फिगर स्केटिंग शिकणाऱ्या मुलांच्या प्रारंभिक स्पर्धेत हेच २.४ गुण मिळवणारी मुलगी पहिली येऊ शकते. मुले-नातवंडे तिकडे वाढत असलेल्या एखाद्या घरी असे निकालपत्र आले, तर ते शाळेच्या नजरेने वाचणे मुलीवर अन्याय करणारे ठरेल. तो कागद कसा वाचावा, हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत या खेळाचे नियमन ‘यूएस फिगर स्केटिंग’ ही संस्था करते. नवशिक्यांसाठी तिचा ‘लर्न टू स्केट यूएसए’ हा अभ्यासक्रम आहे. त्यात ‘बेसिक १’ ते ‘बेसिक ६’ आणि त्यापुढे ‘फ्री स्केट’ अशा पायऱ्या असतात. या मुलांच्या स्पर्धांत अपेक्षाही बेताच्याच असतात: एका पायावर तोल सांभाळत सरळ घसरत जाणे, पात्याच्या ठरलेल्या धारेवर वळण घेणे, दोन पायांवर गिरकी घेणे, न धडपडता थांबणे. प्रत्येकाने आपल्या पायरीच्याच करामती करावयाच्या असतात. वरच्या पायरीची करामत दाखवून परीक्षकांवर छाप पाडण्याचा प्रयत्न केल्यास गुण वाढत नाहीत. उलट प्रत्येक वेळी ०.२ गुणांची वजावट होते. पाया पक्का होण्याआधी उडी मारण्याची घाई होऊ नये, हा त्यामागील हेतू.

आता गुणांकडे वळू. या स्पर्धांत प्रामुख्याने ‘६.०’ ही जुनी पद्धत वापरली जाते. तिच्यात शून्य म्हणजे स्केटिंग केलेच नाही, १ म्हणजे फार कच्चे, २ कच्चे, ३ मध्यम, ४ चांगले, ५ फार चांगले आणि ६ म्हणजे परिपूर्ण व निर्दोष. ही मोजपट्टी नवशिक्यापासून विश्वविजेत्यापर्यंत एकच असल्यामुळे सहा महिने शिकलेल्या मुलीचे गुण तिच्या तळाशी असणारच. किराणा दुकानातील ५० ग्रॅम वेलदोडे गोदामातील मोठ्या काट्यावर ठेवले तर काटा जेमतेम हलतो. त्यावरून माल हलका होता, असे कोणी म्हणत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, परीक्षकाने दिलेला आकडा त्या पद्धतीत अंतिम नसतोच. प्रत्येक परीक्षक तांत्रिक गुणवत्ता आणि सादरीकरण असे दोन गुण देतो, आणि त्यांच्या बेरजेवरून त्याच्यापुरता क्रम ठरतो. पहिली मुलगी बर्फावर उतरते, तेव्हा मागून येणाऱ्या कशा असतील हे परीक्षकाला ठाऊक नसते. म्हणून तो तिला मधले गुण देऊन वर व खाली जागा राखून ठेवतो. म्हणजेच २.४ हा आकडा ‘हिच्यापेक्षा सरस, तिच्यापेक्षा उणी’ एवढेच सांगणारी खूण असतो. एका स्पर्धेतील २.४ आणि दुसऱ्या स्पर्धेतील २.७ यांची तुलना करणे निरर्थक आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तीन परीक्षक आणि क, ख, ग अशा तीन मुली आहेत. पहिल्या परीक्षकाच्या दोन्ही गुणांची बेरीज क ५.२, ख ४.८, ग ४.४ अशी आहे. दुसऱ्याची क ५.०, ख ४.६, ग ४.२. तिसऱ्याचे मत अगदी निराळे: क ३.६, ख ६.४, ग ४.६. सर्व आकडे सरळ मिळवले तर ख १५.८, क १३.८ आणि ग १३.२, म्हणजे ख पहिली. परंतु ६.० पद्धतीत अशी एकत्र बेरीज केली जात नाही. क हिला तीनपैकी दोन परीक्षकांनी पहिला क्रम दिला आहे. बहुमत तिच्या बाजूने आहे, म्हणून क पहिली, ख दुसरी आणि ग तिसरी.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांच्या ध्यानात यातील मर्म लगेच येईल. तिसऱ्या परीक्षकाने ख हिला ६.४ ऐवजी ९ दिले असते, तरी निकाल तसूभर बदलला नसता. आकडा कितीही फुगवला तरी त्याचे वजन एका मताएवढेच राहते. परीक्षकांची संख्या विषम ठेवतात, तीही बहुमत स्पष्ट व्हावे म्हणून.

अर्थात ही पद्धत निर्दोष नाही. १९९५ साली बर्मिंगहॅम येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत महिला गटात अमेरिकेची निकोल बोबेक दुसऱ्या आणि फ्रान्सची सूर्या बोनाली तिसऱ्या स्थानावर होती. त्यानंतर मिशेल क्वान बर्फावर उतरली व चौथी आली. पण काही परीक्षकांच्या यादीत तिचे नाव मध्ये आल्यामुळे बहुमताचे गणित बदलले आणि बोनाली बोबेकच्या वर गेली. त्या दोघींनी त्या वेळी बर्फावर पाऊलही ठेवले नव्हते! पुढे २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या गटाचा निकाल नऊ परीक्षकांत ५ विरुद्ध ४ असा लागला, एका परीक्षकावर दबाव आल्याचा वाद उठला आणि अखेर दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. मते जवळजवळ समसमान विभागली की एकच मत निर्णायक ठरते, हा बहुमताचा कच्चा दुवा तेथे जगासमोर आला.

त्यानंतर २००४ साली आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी पद्धत स्वीकारली. ती म्हणजे कलमवार बिलच. प्रत्येक करामतीला मूळ मूल्य असते: एकेरी टो लूप उडीला ०.४, एकेरी ॲक्सलला १.१, दुहेरी ॲक्सलला ३.३. ती किती सफाईने केली यावर उणे ५ ते अधिक ५ या श्रेणीनुसार त्यात घट-वाढ होते. सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. पडल्याबद्दल ज्येष्ठ गटात सामान्यतः एक गुण वजा होतो. कोठे मिळाले आणि कोठे गेले, हे खेळाडूला ओळीनिशी वाचता येते.

मग लहान मुलांसाठी जुनीच पद्धत का ठेवली? कारण कलमवार हिशेबाला परीक्षकांखेरीज स्वतंत्र तांत्रिक पथक, संगणक आणि चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय लागते. गावच्या रिंकवरील छोट्या स्पर्धेला तो खर्च पेलत नाही. शिवाय ०.४ मूल्याच्या उडीचे कलमवार बिल करून हाती फारसे काही लागत नाही. ६.० पद्धतीत परीक्षक मुलीचे स्केटिंग संपूर्णपणे पाहतो. पडल्याची ठरावीक वजावट तेथे नसते. पडल्यावर चटकन उठून संगीताशी पुन्हा जुळवून घेणारी मुलगी एकूण छापेवर बरेचसे भरून काढू शकते.

जुन्या पद्धतीची उणीव मात्र पालकांनीच भरून काढावी लागते. ती क्रम सांगते, कारण सांगत नाही. म्हणून निकालपत्र हाती आले की दशांश सोडून क्रमांची ओळ वाचावी. तीनही परीक्षकांनी चौथा क्रम दिला असेल, तर सुधारणेची जागा सर्वांना सारखीच दिसली आहे. १, ४, २ असे क्रम असतील, तर तिघांच्या नजरा वेगवेगळ्या गोष्टींवर होत्या. पुढचा प्रश्न प्रशिक्षकाला विचारावा: कमी काय पडले, धार, वेग, तोल की संगीताशी मेळ? आणि मुलीला ‘किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘गेल्या खेपेपेक्षा आज काय चांगले जमले?’ असे विचारावे. त्याचे उत्तर परीक्षकांच्या कागदावर नसते. ते तिच्याचजवळ असते.