उत्तराचा दोष, की प्रश्नाचा?

पाहणीचा निष्कर्ष फसला की दोष उत्तर देणाऱ्याच्या माथी मारण्याची आपली जुनी रीत आहे. लोक खरे सांगत नाहीत, असे म्हटले की विषय संपतो! परंतु प्रश्न कसा घडविला व कोणत्या मार्गाने विचारला, यावर उत्तराची सत्यता बव्हंशी अवलंबून असते, याचा विचार क्वचितच होतो.

मावळातील बेडसे गाव लेण्यांमुळे परिचित आहे. तेथील वा आसपासच्या कोणत्याही भातपिकाच्या गावातील गृहिणीस ‘आपण काम करता काय?’ असे विचारावे. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी, पुढे कापणी-झोडणीस राबणारी ती बाई बहुधा सांगेल, ‘नाही, घरीच असते.’ ती असत्य बोलत नाही. काम म्हणजे मजुरी वा नोकरी, असा तिने प्रश्नाचा अर्थ घेतलेला असतो. १९९१ च्या जनगणनेत या प्रश्नास शेतावरील वा घरच्या धंद्यातील बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख जोडण्यात आला, तो उचितच होय.

दुसरा दाखला राष्ट्रीय नमुना पाहणीचा. १९९४ ते १९९८ या काळात काही कुटुंबांस अन्नावरील खर्च गेल्या ३० दिवसांचा, तर इतरांस ७ दिवसांचा विचारण्यात आला. अल्प मुदतीच्या प्रश्नाने खर्च अधिक निघाला आणि त्या हिशेबाने गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. देश तोच, काळ तोच. दारिद्र्य मात्र प्रश्नाच्या मुदतीने हटले!

१ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविलेल्या जनगणनेत प्रगणकाच्या हाती मोबाइल देण्याचे व नागरिकांस स्वगणनेची मुभा देण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. यात सोय आहे, हे निर्विवाद. परक्यासमोर सांगण्यास संकोच वाटतो, ते मनुष्य एकांतात मोकळेपणाने लिहितो, हेही खरे. परंतु शब्दाचा अर्थ उलगडून सांगणारा प्रगणक स्वगणनेत समोर नसतो. घरातील एखादा लिहिता-वाचता पुरुषच सर्वांच्या वतीने उत्तरे भरील, हा संभव मोठा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्रश्न खेड्यातील बोलीत आणि प्रत्येक मार्गाने आधी पारखून घ्यावा. आकडे प्रसिद्ध करताना प्रश्नाचे शब्द व विचारण्याचा मार्गही सोबत छापावा. खाचरात राबणाऱ्या स्त्रीस राष्ट्राच्या हिशेबात स्थान मिळेल की नाही, हे प्रश्न लिहिणाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून आहे.