यंत्राची भाषा सर्वांस मोकळी असावी

शाळांच्या संगीतवर्गांत अलीकडे संगणकाचा प्रवेश झाला आहे. गायनाच्या मुद्रणासाठीं लागणारें ध्वनियंत्र किंवा विजेचा कीबोर्ड यूएसबीच्या तारेनें संगणकास जोडतां येतो. परंतु संगणकावर लिनक्स असल्यास ‘येथें हें चालावयाचें नाहीं’ असें सांगून पुष्कळ लोक मोकळे होतात. हा समज बहुतांशीं निराधार आहे, असें आमचें नम्र मत आहे.

निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें परस्परांशीं बोलूं शकावींत, म्हणून १९८३ सालीं मिडी हा संकेत जगापुढें आला. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ व जपानांतील इकुतारो काकेहाशी हे त्याचे अग्रणी; व्यापारांत मात्र दोघे प्रतिस्पर्धी! पुढें यूएसबीचे नियम करणाऱ्या संस्थेनें १९९८ सालीं ध्वनियंत्रांसाठीं आणि १९९९ सालीं मिडी यंत्रांसाठीं सामान्य नियम घालून दिले. जें यंत्र हे नियम पाळतें, त्यास निराळा ड्रायव्हर लागत नाहीं. लिनक्सच्या गाभ्यांतील आल्सा ही व्यवस्था त्यास आपण होऊन ओळखते. जें यंत्र केवळ आपल्या निर्मात्याची खाजगी भाषा बोलतें, तेंच बहुधा अडून बसतें. कित्येक यंत्रांत दोन्ही भाषा असतात व एक खटका फिरवून सामान्य भाषा निवडतां येते.

कोणी म्हणेल, ‘यंत्र ओळखलें, तरी आवाज कोठें येतो?’ येथें घाबरून न जातां क्रमानें शोध करावा. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेनें यंत्र तारेवर दिसतें कीं नाहीं, हें कळतें. ‘एप्ले -एल’ नें ध्वनियंत्रांची व ‘एकनेक्ट -एल’ नें मिडीच्या दारांची यादी मिळते. कीबोर्ड यादींत असून शांतता असेल, तर त्यांत नवल नाहीं. मिडींतून ध्वनि जात नाहीं; कोणती पट्टी केव्हां व किती जोरानें दाबली, एवढीच वार्ता जाते. ती वार्ता ऐकून सूर काढणारा फ्लुइडसिंथसारखा कार्यक्रम त्यास जोडून द्यावा लागतो. सूर उशिरा उमटत असल्यास साठ्याचें माप पाहावें. सेकंदास ४८,००० नमुने घेतां १,०२४ नमुन्यांच्या साठ्यानें सुमारें २१ सहस्रांश सेकंद विलंब होतो, २५६ च्या साठ्यानें सुमारें ५. माप फारच लहान केल्यास मात्र आवाज तुटूं लागतो.

या खटपटींत वेळ जातो, हें खरें. परंतु तो वेळ विद्येंत जमा होतो. उलट, खाजगी भाषेच्या यंत्राचा ड्रायव्हर निर्मात्यानें सुधारावयाचा थांबविला, कीं नव्या प्रणालीवर तें धडधाकट यंत्रही अडगळींत जातें. जुन्या संगणकावर शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास हा तोटा सोसवणारा नाहीं.

म्हणून शाळेनें ध्वनियंत्र विकत घेतांना किंमतीबरोबर आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: ‘हें यंत्र यूएसबीच्या सामान्य नियमांप्रमाणें, निराळ्या ड्रायव्हरवांचून चालतें काय?’ उत्तर ‘नाहीं’ आल्यास तें यंत्र कितीही सुबक असो, घेऊं नये. विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावयाच्या साधनाची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत असणें बरें नव्हे.