शेवटच्या गोणीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात घटत्या फलाचा नियम एका वक्ररेषेच्या साहाय्याने शिकवला जातो. विद्यार्थी ती रेषा परीक्षेपुरती काढतो आणि पुढे विसरून जातो. त्याने ती विसरली तर देशाचे फारसे बिघडत नाही. पण ज्यांच्या हाती देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या असतात त्यांनाही तिचा विसर पडला तर काय होते, हे भारतातील युरियाच्या कहाणीवरून दिसते.

नियम साधा आहे. जमीन, पाणी, बियाणे आणि तंत्र आहे तसेच ठेवून एकच घटक वाढवत नेला, तर प्रत्येक नव्या मात्रेने उत्पादनात पडणारी भर एका मर्यादेनंतर कमी कमी होत जाते. फ्रान्समध्ये तुर्गोने अठराव्या शतकात हे सांगितले आणि १८१५ मध्ये इंग्लंडात धान्याच्या आयातीवरून वाद पेटला तेव्हा माल्थस व रिकार्डो यांनी त्यावर आपले सिद्धांत उभारले. या नियमाचा जन्मच शेतात झालेला आहे, आणि त्यात नवल नाही. कारखान्याला दुसरा मजला चढवता येतो. शेतकऱ्याच्या एकरावर दुसरा एकर रचता येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर होती. ज्याची जमीन एवढीशी, तो बदलता येईल तो घटक वाढवीत राहणार, हे उघड आहे.

समजा, गव्हाच्या एका एकराला युरियाच्या पहिल्या गोणीने तीन क्विंटलची भर पडते, दुसरीने दोन क्विंटलची, तिसरीने ऐंशी किलोंची आणि चौथीने अवघ्या वीस किलोंची. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. पण क्रम काल्पनिक नाही. गव्हाला किलोमागे वीस रुपये मिळतात असे धरले, तर चौथी गोणी चारशे रुपयांचे धान्य देते. २०१८ मध्ये गोणी ५० किलोंवरून ४५ किलोंची झाली, आणि कर व कडुनिंबाच्या लेपाचा खर्च वगळून तिची किंमत २४२ रुपये राहिली. म्हणजे चौथी गोणी टाकणारा शेतकरी मूर्ख नाही. त्याचा हिशेब चोख आहे. मात्र २०२३ मध्ये हीच किंमत पुढे चालू ठेवताना केंद्र सरकारने स्वतःच सांगितले की, गोणीचा खरा खर्च २,२०० रुपयांच्या घरात जातो. चारशे रुपयांच्या गव्हासाठी देशाने बावीसशे रुपये वेचले, असा याचा अर्थ होतो.

हा तोटा कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही, याचे कारण सरासरी. वरील चार गोण्यांनी मिळून सहा क्विंटलची भर पडली. म्हणजे गोणीमागे १५० किलो, किंमत ३,००० रुपये. सरासरीने पाहता बावीसशेची गोणीही परवडलेली दिसते! मंत्रालयांचे अहवाल सरासरीत बोलतात, विधिमंडळातील भाषणे सरासरीत होतात, आणि खताने देश जगवला हे सरासरीच्या भाषेत खरेही आहे. पण पुढची गोणी द्यावी की न द्यावी, या प्रश्नाचे उत्तर सरासरीजवळ नसते.

हा नियम म्हणजे निराशेचा मंत्र, असेही कोणी समजू नये. एकोणीसशे साठच्या दशकात नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाच्या जाती भारतात आल्या. जुना उंच गहू जादा नत्राने माजून आडवा होई. बुटका गहू तेच नत्र पचवून ओंबीत भरू लागला. येथे नियम खोटा ठरला नाही. तंत्र बदलले आणि रेषाच वर सरकली. परंतु नव्या रेषेलाही तिचा उतार असतोच, हे त्या यशाच्या भरात दुर्लक्षिले गेले.

त्यात धोरणाने एकाच चुकीची पुनरावृत्ती केली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश या खतांवरील किंमत-नियंत्रण उठले, युरियावरचे कायम राहिले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. तृणधान्यांसाठी ४ : २ : १ हे प्रमाण ढोबळमानाने योग्य मानतात. पुढे एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्या व्यवस्थेबाहेर ठेवण्यात आला आणि पाल्हा पुन्हा नत्राकडे झुकला. अठरा वर्षांत एवढेही शिकता आले नाही, याला अज्ञान म्हणावे की भीती? भीतीच असावी. युरियाचा दर नियंत्रणमुक्त करायला कोणत्याही पक्षाचे सरकार धजले नाही.

परिणामी दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एकाच रेषेवरून पुढे सरकत जाणे हा अल्पकाळाचा भाग. जमिनीतील पालाश, गंधक, जस्त उपसले जाऊन ती रेषाच खाली बसणे हा दीर्घकाळाचा. सिंचित क्षेत्रात १९७० च्या सुमारास एक किलो खतद्रव्यामागे तेरा किलोंहून अधिक धान्य मिळे. २००५ च्या सुमारास ते चार किलोंच्याही खाली आल्याचे कृषिशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. एवढी घसरण केवळ अधिक खत टाकल्याची नसते. जस्ताची उणीव युरियाने भरून निघत नाही. पण शेतकऱ्याला दिसते ते पीक फिके पडलेले, आणि हाताशी असलेला स्वस्त उपाय एकच. युरियाने चार दिवसांत पिकाला काळोखी येते. त्या काळोखीइतका प्रभावी विस्तार-अधिकारी कृषिखात्याजवळ नाही.

महाराष्ट्रातील उसाची गोष्ट आणखी बोलकी आहे. उशिरा दिलेले जादा नत्र उसाचे वजन वाढवते, पण पक्वता लांबवते आणि रसातील साखर घटवते. उसाचा दर मात्र संपूर्ण कारखान्याच्या साखर उताऱ्यावर ठरतो. एकट्याच्या उसातील साखरेवर नव्हे. वजन ज्याचे त्याचे, उतारा सर्वांचा! अशा व्यवस्थेत शेवटच्या गोणीचा लाभ एका खात्यावर जमा होतो आणि तिची तूट हजारो सभासदांत वाटली जाते.

२०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास पोचले. युद्धामुळे वायू व खते महागली होती, हे खरे. तरीही त्या रकमेतील जो भाग शेवटच्या गोण्यांवर गेला, तो शेतकऱ्याच्या पदरात पडलाच नाही. काही हवेत अमोनिया होऊन उडाला, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरला. २०१५ पासून सक्तीचा झालेला कडुनिंबाचा लेप हा वेग कमी करतो. पण किंमत जे आमंत्रण देते ते लेप कसा नाकारणार? युरियाचा दर टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि वाचलेला पैसा एकरी रोख स्वरूपात शेतकऱ्याच्या हाती द्यावा, हाच मार्ग उरतो. मग पहिल्या दोन गोण्या तो घेईलच, तिसरीचा विचार करील, आणि चौथीच्या पैशांत कदाचित पालाश किंवा शेणखत आणील. अडचण आहे ती खंडाने अथवा वाट्याने जमीन कसणाऱ्याची. सातबारावर त्याचे नाव नसते. रोख रक्कम मालकाच्या खात्यात जाईल आणि महागलेली गोणी त्याला विकत घ्यावी लागेल. हा पेच सुटल्यावाचून दरवाढीचा निर्णय न्यायाचा होणार नाही, आणि तो सोडवण्याचे काम अर्थखात्याचे नसून महसूलखात्याचे आहे.