मदतगटांना वेळेवर निरोप

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत एकेका दिवसात अकरा हजारांहून अधिक नवे करोना रुग्ण सापडत होते. खाट कुठे मिळेल, ऑक्सिजनचे सिलिंडर कोण भरून देईल, प्लाझ्मा द्यायला कोण तयार आहे, हे विचारण्यासाठी उपनगरांत व्हॉट्सअ‍ॅपवर गट उभे राहिले. एका गटात तेव्हा २५६ माणसेच मावत. त्यामुळे अंधेरीचा पहिला गट भरला की दुसरा निघे, दुसरा भरला की तिसरा. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला हेच घडत होते. हे गट चालवणाऱ्यांनी रात्र रात्र जागून अनोळखी माणसांसाठी फोन फिरवले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही.

पुढे लाट ओसरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. गोरेगावचे नेस्को, मुलुंड आणि दहिसरची जम्बो केंद्रे उठली. खाटांचे वाटप करण्यासाठी महापालिकेने जून २०२० मध्ये २४ विभागांत वॉर रूम सुरू केल्या होत्या. त्यांचे ते कामही संपले. गट मात्र कुणी बंद केले नाहीत. काहींत आता सकाळची फुले आणि फ्लॅटविक्रीच्या जाहिराती येतात, तर काही महिनोन्महिने निपचित पडून असतात. पण ते फोनमध्ये आहेत, आणि त्यांत तेव्हाचा प्रत्येक सल्ला जसाच्या तसा आहे.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. बिघडते ते अडचणीच्या वेळी. घरात कुणाला मध्यरात्री धाप लागली की माणूस फोनमध्ये ‘ऑक्सिजन’ हा शब्द शोधतो, हाताला लागेल तो क्रमांक लावतो आणि तो बंद असतो. त्या घाईत तारीख पाहण्याचे भान राहत नाही. संदेश पुढे पाठवला असेल तर मूळ तारीख दिसतही नाही. पाठवल्याची वेळ तेवढी दिसते. काही वर्षांपूर्वीचा मजकूर आज सकाळचा होऊन समोर येतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवण्याऐवजी त्यात दहा मिनिटे गेली, तर ती दहा मिनिटे रुग्णाची असतात.

क्रमांकांपेक्षा औषधांचा प्रश्न गंभीर आहे. प्लाझ्मासाठी लोकांनी जिवाचे रान केले. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्मामुळे आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळत नसल्याचे दिसले होते. तो निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीही वगळली गेली. गटांमधल्या ‘घरी ठेवायच्या गोळ्यां’च्या याद्यांना यातले काहीही कळवले गेले नाही. विज्ञान स्वतःची चूक दुरुस्त करते, तेव्हा नवी सूचना काढते. गटात मात्र जुनी सूचना नवीच्या शेजारी तितक्याच ठसठशीतपणे उभी राहते.

करोनाचे गट तरी ओळखू येतात. क्षयरोग, डायलिसिस, कर्करोग अशा आजारांचे रुग्ण आणि नातेवाईक यांचे जे गट वर्षानुवर्षे चालू आहेत, त्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे उदाहरण घ्या. पूर्वी हा उपचार दोन वर्षांपर्यंत लांबे, त्यात कित्येक महिने इंजेक्शने असत आणि काहींची ऐकण्याची शक्ती जाई. ज्यांनी ते सोसले त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण आता योग्य रुग्णांसाठी चार औषधांचा, पूर्णपणे गोळ्यांचा, सहा महिन्यांचा उपचार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. कालच निदान झालेल्या तरुणीने गटात येऊन आधी जुने अनुभव वाचले, तर ती दवाखान्याची पायरी चढण्याआधीच खचेल. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारी रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० ऐवजी १,००० रुपये झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. ‘आपले रेशनकार्ड पांढरे, आपल्याला काही मिळणार नाही,’ हा जुन्या गटातला सल्ला वाचून कुणी अर्जच केला नाही, तर नुकसान कुणाचे?

तेव्हा सगळे गट बंद करून टाकावेत काय? तसे केले तर मोठी चूक होईल. गटात दोन गोष्टी असतात: माहिती आणि सोबत. माहिती शिळी होते, सोबत होत नाही. डायलिसिसला बसलेल्या माणसाला रात्री किती पाणी प्यावे हे डॉक्टर सांगतात. पण तहान कशी मारावी, हे त्याच खुर्चीत तीन वर्षे बसलेलाच सांगू शकतो. करोनाच्या गटांतही अशी माणसे आहेत, जी एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण ज्यांच्या घरातली व्यक्ती गेली त्या रात्री हीच माणसे जागी होती. काहींच्या फोनमध्ये गेलेल्या माणसाचा शेवटचा आवाज त्याच गटात आहे. अशा गटातून एका सकाळी अ‍ॅडमिनने न सांगता सगळ्यांना काढून टाकणे, हा निर्दयपणा ठरेल. त्याने जुनी माहितीही जात नाही, कारण आधी आलेले संदेश प्रत्येकाच्या फोनमध्ये राहतातच. सर्वांच्या फोनवरून संदेश पुसण्याची मुदत जेमतेम दोन-अडीच दिवसांची असते.

म्हणून निरोप पद्धतशीर हवा. ज्या गटाचे काम संपले आहे, त्याच्या अ‍ॅडमिनने महिनाभर आधी सूचना द्यावी. कुणाला काही जपून ठेवायचे असेल तर त्याला तेवढी सवड मिळते. मग गटाच्या नावातच ‘बंद’ हा शब्द आणि तारीख घालावी, म्हणजे शोधताना ती आधी दिसेल. लिहिण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवावी. सामील होण्याची जुनी लिंक रद्द करावी, नाहीतर कुठल्या तरी पोस्टरवरून नवी माणसे रिकाम्या घरात येत राहतील. शेवटचा संदेश छोटा असावा: हा गट का बंद होत आहे, यातले कोणते सल्ले आता चुकीचे ठरले आहेत आणि मदत कुठे मिळेल. रुग्णवाहिकेसाठी १०८, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६, क्षयरोगासाठी १८००-११-६६६६ आणि महापालिकेसाठी १९१६ हे क्रमांक त्यात आले तरी पुष्कळ.

जे गट चालू राहायला हवेत, ते एकत्र यावेत. अंधेरीत एकाच आजाराचे चार गट असतील, तर एकच प्रश्न चार ठिकाणी विचारला जातो आणि तीन ठिकाणी त्याला उत्तर मिळत नाही. २५६ची मर्यादा आता १,०२४ झाली आहे. ज्या कारणासाठी गट फुटले, ते कारणच उरलेले नाही. २०२२ पासून अनेक गट एका छत्राखाली आणून सर्वांना एकच सूचना पाठवण्याची सोयही आहे. मात्र माणसे परस्पर उचलून दुसरीकडे टाकू नयेत. आजार ही खासगी बाब आहे. घाटकोपरच्या ओळखीच्या वीस जणांत क्षयरोगाबद्दल बोलणारी बाई हजार अनोळखी माणसांसमोर गप्प होईल. प्रत्येकाला विचारावे, ज्याला यायचे तो येईल. छोटी खोली मोडू नये. मोठा दिवाणखाना शेजारी बांधावा. एकत्र आलेल्या गटात औषधांविषयीचा मजकूर तपासणारा एक तरी जाणकार असावा आणि त्या मजकुरावर तारीख असावी.

खासगीपणाची आणखी एक बाजू आहे. २०२१च्या धावपळीत लोकांनी आधार कार्ड, सिटी स्कॅन, चाचणीचे अहवाल गटांत टाकले. ते आजही अडीचशे फोनमध्ये पडून आहेत. निरोपाच्या संदेशात ‘दुसऱ्यांची कागदपत्रे आपल्या फोनमधून काढून टाका’ एवढी एक विनंती असावी. त्या माणसांप्रति आपले एवढे देणे लागते.

ही जबाबदारी केवळ स्वयंसेवकांवर टाकून चालणार नाही. राजावाडी किंवा कूपरसारख्या पालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. रुग्णाला कुठल्या योजनेचा लाभ मिळेल, हे रोज सांगणारी ही माणसे. विभागातील रुग्णगटांची यादी त्यांच्यापाशी असावी आणि दर तीन महिन्यांनी योजना, क्रमांक, उपचार यांतले बदल सांगणारे एक तारीख घातलेले पान पालिकेने या गटांना पाठवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवे अ‍ॅपही नको.

वाचकांना एकच विनंती. आज आपल्या फोनमधला असा एखादा जुना गट उघडून पाहा. आपण अ‍ॅडमिन असाल तर शेवटचा संदेश लिहायला घ्या. नसाल तर जो आहे त्याला फोन करा, आणि त्या दिवसांत त्याने केलेल्या कामाबद्दल त्याचे आभार मानायचे राहून गेले असतील, तर तेही माना.