डबा उभा, तरी दिवा चालू!

रोहा ते वीर दुसरा रूळमार्ग २०२१ साली झाला. पण वीरच्या पुढे एकच मार्ग. म्हणून वीरला गाड्या क्रॉसिंगसाठी थांबतात. गाडी उभी, तरी पंखे फिरतात, दिवे लागलेले! ही वीज येते कुठून?

डब्याला इंजिन नसतं, तो नुसता ओढला जातो. पण जुन्या धाटणीच्या डब्याच्या पोटाखाली ११० व्होल्टची बॅटरी असते आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर. चाकाच्या आसावरून त्याला पट्टा लावलेला. डबा धावला की आस फिरतो, वीज तयार होते. काही दिव्यांना, उरलेली बॅटरीत. अगदी सायकलच्या डायनॅमोसारखं! फरक एवढाच, सायकल थांबली की दिवा विझतो. इथे बॅटरी कामाला येते.

नव्या डब्यांना बरेचदा विजेच्या इंजिनाकडूनच तारेने वीज मिळते. परदेशात फिरत्या घरामागे मोटार ओढून नेतात, तेव्हाही पुढच्या गाडीतून तार आणून मागची बॅटरी भरतात.

बॅटरी म्हणजे घागर. दरड कोसळून गाडी तासन्‌तास अडकली, तर चाकं थांबतात. भर बंद, नुसता उपसा! घागर रिकामी झाली की डब्यात अंधार. एखाद्याच्या मांडीवर तान्हं बाळ असतं, कुणाची आजी आजारी असते. शिवाय तशीच रिकामी राहिलेली बॅटरी खराब होते ती वेगळीच.

तेव्हा गाडी अडकली, तर मोठ्यांना विचारून नको असलेला पंखा आणि दिवा बंद करा. कराल ना?