भाऊसाहेबांवरील आरोपपत्र

सर्वस्व गमावले गेले की मराठी माणूस 'पानिपत झाले' म्हणतो आणि दिशाहीन झुंबड उडाली की 'भाऊगर्दी' म्हणतो. सदाशिवराव भाऊंना आपल्या भाषेने दिलेले स्मारक हे असे आहे. वयाच्या तिसाव्या वर्षी, उत्तरेतून आलेल्या आक्रमकाशी लढताना ज्याने रणांगणात देह ठेवला, त्याचे नाव अडीचशेहून अधिक वर्षे फजितीशी जोडलेले राहावे, यात न्याय कोणता?

भाऊंवरील आरोप ठरलेले आहेत. ते गर्विष्ठ होते. त्यांनी मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांचा सल्ला झुगारला. गनिमी कावा टाकून तोफांच्या नादी लागले. बायकामुले आणि यात्रेकरू यांचे लोढणे गळ्यात बांधून घेतले. पाठ्यपुस्तकांपासून कादंबऱ्यांपर्यंत हेच आरोप उगाळले गेले. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने मागे वळून लिहिलेला हा निकाल आहे. तो तपासून पाहिला पाहिजे.

गनिमी कावा आणि तोफा

चिमाजी आप्पांचा हा मुलगा पानिपतापूर्वी कोणी नवशिका नव्हता. कर्नाटकातील मोहीम, १७५० मधील सांगोल्याचा बंदोबस्त आणि पेशव्यांच्या जमाखर्चावरील करडी नजर ही त्याची कमाई होती. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर येथे त्याने निजामाला नमवले आणि साठ लाखांचा मुलूख मिळवला. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा मोठा वाटा होता. अवघ्या काही महिन्यांपूर्वी यशस्वी ठरलेले शस्त्र सेनापतीने टाकून द्यावे, असे कोणता युद्धशास्त्री सांगेल?

गनिमी कावा उत्तरेत वापरलाच गेला नाही, हेही खरे नाही. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्यावर मल्हाररावांनी हीच पद्धत अवलंबिली. मार्चमध्ये सिकंदराबादजवळ अफगाण स्वारांनी त्यांना बेसावध गाठून त्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत सिद्ध झालेली युद्धपद्धती गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात, वेगवान घोडदळापुढे तशीच फळेल, असे मानणे भाबडेपणाचे होते. ज्यांचा सल्ला न ऐकल्याचा ठपका भाऊंवर येतो, त्यांच्या सल्ल्याची परीक्षा भाऊ उत्तरेत पोहोचण्यापूर्वीच झाली होती.

ज्याला 'गर्विष्ठ' म्हटले गेले, त्याच्यावर गारद्याने टाकलेला विश्वासही ध्यानात घ्यावा. अब्दालीच्या बाजूने धर्माच्या नावाने हाक घातली जात असतानाही इब्राहिमखान आपल्या धन्याशी इमान राखून अखेरपर्यंत लढला, जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. जिंकणाऱ्या धन्यासाठी पुष्कळ जण लढतात. हरणाऱ्या धन्यासाठी मरायला त्या धन्याच्या अंगी काही असावे लागते.

अन्न आणि पैसा कोणी द्यायचा?

भाऊंच्या हातून चुका झाल्या, हे झाकण्याचे कारण नाही. सुरजमल दुरावला, तो सांभाळायला हवा होता. कुंजपुरा ऑक्टोबर १७६० मध्ये जिंकला, तेथे धान्य मिळाले, दत्ताजींचे शिर कापणारा कुतुबशहा हाती लागला; पण त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. नदीच्या उतारांवर पुरेसा पहारा नव्हता, ही चूक सेनापतीचीच.

परंतु त्यानंतरचे अडीच महिने पानिपतच्या छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरत होती, त्याला जबाबदार कोण? राघोबादादांच्या १७५८ च्या स्वारीत झेंडे अटकेपार गेले, पण खजिन्यावर कर्जाचा बोजा पडला. त्या कर्जाचा जाब विचारणारा माणूस भाऊच होता. दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे रुपेरी छत वितळवल्याबद्दल त्यांना नावे ठेवली जातात. पण सैन्याच्या पगाराला पैसा नसताना सेनापतीने दुसरे काय करायचे होते, हे कोणी सांगत नाही. रसद तोडण्याचे काम करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. आणि त्याच डिसेंबरमध्ये खुद्द नानासाहेब पेशवे पैठणला दुसरे लग्न करीत होते! घरच्या धन्याला संकटाची निकड कळली नाही, याचा दोष शेकडो कोस दूर उपाशी लढणाऱ्या चुलतभावाच्या माथी कसा मारता येईल?

१४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी उभी राहिलेली ही फौज दुपारपर्यंत अब्दालीच्या मध्यफळीला मागे रेटत होती. विश्वासराव गोळी लागून पडले, होळकरांनी रणांगण सोडले. तेव्हा पळण्याची वाट भाऊंनाही मोकळी होती. त्यांनी हत्ती सोडला, घोडा घेतला आणि ते गर्दीत शिरले. भाऊगर्दी ती हीच!

पानिपतचा पराजय हा व्यवस्थेचा पराजय होता. सरदारांची आपसांतील चुरस, उत्तरेतील मित्रांची वानवा, रिकामा खजिना आणि केंद्राची ढिलाई ही त्याची कारणे होत. एकट्या माणसाला अपराधी ठरवले की बाकीचे सारे सुटतात आणि तेच दोष पुढच्या पिढीतही सुखाने नांदतात. पुढे महादजी शिंद्यांनी दहा वर्षांत, १७७१ साली, दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. पानिपतातून जखमी होऊन परतलेल्या त्या सेनानीने भाऊंना शिव्या देण्यात काळ दवडला नाही. कवायती पलटणी आणि उत्तम तोफखाना त्याने नव्याने उभा केला. ज्याबद्दल भाऊंना दूषण दिले जाते, त्याच मार्गाने मराठ्यांचे राज्य पुन्हा उभे राहिले.

पराभूत सेनापतीला न्याय देणे म्हणजे त्याची आरती ओवाळणे नव्हे. त्याच्या चुका त्याच्या पदरात घालाव्यात आणि इतरांच्या त्यांच्या त्यांच्या पदरात. एवढीच अपेक्षा आहे. समाजासाठी प्राण देणाऱ्याचा हिशेबही जो समाज चोख मांडू शकत नाही, त्याच्यासाठी प्राण द्यायला उद्या पुढे कोणी यावे?