कॉम्प्युटर चालू असताना बॅकअप घेताय? मग हे वाचाच

घरातला कॉम्प्युटर हल्ली कुणा एकाचा नसतो. बाबांची पेन्शनची कागदपत्रं, आईच्या डब्यांच्या व्यवसायाचा हिशोब, मुलांचे प्रोजेक्ट आणि कित्येक वर्षांचे फोटो, सगळं एकाच हार्ड डिस्कवर असतं. बॅकअप घ्यायचा म्हणजे बाहेरची डिस्क जोडायची, फोल्डर कॉपीला लावायचे आणि तोवर आपलं काम चालू ठेवायचं, अशी अनेकांची सवय असते. गडबड होते ती इथेच.

मोबाइलवर पॅनोरमा फोटो काढताना एखादं मूल धावत सुटलं, तर ते फोटोत दोन ठिकाणी दिसतं, कधी अर्धंच दिसतं. चालू कॉम्प्युटरच्या कॉपीचंही तसंच होतं. समजा, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलं एका फाइलमध्ये आणि शिल्लक माल दुसऱ्या फाइलमध्ये आहे. बिलांची फाइल कॉपी झाली आणि लगेच तुम्ही नवं बिल टाकलं. त्यानंतर मालाची फाइल कॉपी झाली. आता बॅकअपमध्ये माल कमी झालाय, पण बिलाचा पत्ताच नाही! काही उघड्या फाइल तर 'वापरात आहे' असं सांगून कॉपीच होत नाहीत.

यावर उपाय म्हणजे स्नॅपशॉट. यात संपूर्ण डिस्कचा एक क्षण गोठवला जातो. त्यानंतर डिस्कवर काही बदलायचं झालं, तरी त्या क्षणाची जुनी माहिती जपून ठेवली जाते आणि बॅकअप तिच्यावरूनच घेतला जातो. तुमचं काम मात्र थांबत नाही. विंडोजमध्ये ही सोय 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' या नावाने आहे. कंट्रोल पॅनेलमधला 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' हा पर्याय तीच वापरतो. नावावर जाऊ नका, तो विंडोज १० आणि ११ मध्येही मिळतो. मॅकवर 'टाइम मशीन' आहे, तर लिनक्सवर एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट घेता येतात.

तरीही काही गोष्टी लक्षात ठेवा:

• स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो बहुधा त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली तर तोही गेला. म्हणून बाहेरच्या डिस्कवर प्रत हवीच.

• जे सेव्हच केलेलं नाही, ते स्नॅपशॉटमध्ये येत नाही. बॅकअप सुरू करण्याआधी उघड्या फाइल सेव्ह करा.

• हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा बॅकअपचा पर्याय असेल, तर आधी तो वापरा. नसेल तर सॉफ्टवेअर बंद करून मगच कॉपी करा.

• काम झालं की डिस्क काढून ठेवा. ती जोडलेली राहिली, तर कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून बघा. 'बॅकअप पूर्ण झाला' या संदेशावर विसंबून राहू नका. फोटो नीट दिसला, हिशोबाची बेरीज जुळली, की समजा तुमचा बॅकअप खरा आहे. या रविवारी दहा मिनिटं काढा आणि एवढं तपासून बघाच!